पहिले सहा आठवडे कोणाच्या हवाली?

बारावीनंतर घर सोडून पुण्याला, नागपूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकायला गेलेल्या मुलाचा पहिल्या पंधरवड्यात रात्री उशिरा फोन येतो, आवाज जड झालेला असतो, आणि घरचे वडीलधारे ‘रुळेल हळूहळू’ असे म्हणून विषय मिटवतात. महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारले तरी याहून निराळे उत्तर मिळत नाही. या उत्तरात माया आहे, अनुभवही आहे, आणि बहुतेक मुले खरोखरच रुळतात हेही नाकारण्याचे कारण नाही. तरीही ते मला अपुरे वाटते, कारण सगळा भार मुलाच्या मनाच्या घडणीवर टाकून ते मोकळे होते. माझे म्हणणे असे की, परगावी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या पहिल्या सहा आठवड्यांतला बराचसा त्रास त्याच्या कोवळेपणातून येत नाही. प्रवेश, निवास, शिष्यवृत्ती आणि अध्यापन ही चार कामे चार कार्यालयांच्या चार वेगळ्या वेळापत्रकांवर चालतात आणि त्यांची गाठ कुठेच पडत नाही, म्हणून तो येतो. हा सार्वजनिक कारभाराचा प्रश्न आहे आणि त्याची चर्चाही त्याच पातळीवर झाली पाहिजे.

आधी प्रवेशाचे पाहू. राज्यातल्या अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि अशा इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘कॅप’मधून होतात. महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरायचा, यादी लागली की मिळालेली जागा फ्रीज, म्हणजे कायम, करायची किंवा बेटरमेंटसाठी, म्हणजे अधिक चांगल्या जागेच्या आशेने, पुढच्या फेरीत जायचे, आणि कॅपच्या फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागांसाठी संस्थास्तरीय फेरीची वाट पाहायची. गुणवत्तेनुसार आणि उघडपणे जागा वाटण्याची ही पद्धत देणग्यांच्या जुन्या बाजारापेक्षा कितीतरी चांगली आहे, आणि मी तिच्या विरोधात नाही. पण ती ऑगस्ट ओलांडून सप्टेंबरपर्यंत लांबते, आणि तिची शेवटची फेरी संपेपर्यंत महाविद्यालये थांबत नाहीत. पहिल्या फेरीत जागा फ्रीज केलेल्यांचे वर्ग सुरू होतात, आणि नंतरच्या फेऱ्यांतले विद्यार्थी चालू वर्गात येऊन बसतात.

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरच्या एखाद्या मुलीला तिसऱ्या फेरीत पुण्याचे महाविद्यालय मिळाले, असे समजा. तिने बेटरमेंट घेतले ते योग्यच केले. नियमाने दिलेला तो हक्क होता. पण त्या हक्काची किंमत तिला कोणीच सांगितलेली नसते. ती पोहोचते तेव्हा वसतिगृहाची यादी लागून गेलेली असते, प्रयोगशाळेच्या बॅचेस पडलेल्या असतात, गणिताची पहिली दोन प्रकरणे संपलेली असतात, आणि स्वागताचा कार्यक्रम केव्हाच आटोपलेला असतो. सत्र साधारण पंधरा आठवड्यांचे. त्यातले तीन-चार आठवडे उशिराच्या फेरीने घेतले, दोन आठवडे राहण्याची जागा शोधण्यात गेले, की सत्राचा तिसरा हिस्सा संपतो. इतक्यात पहिली अंतर्गत परीक्षा येते आणि तिच्यात गुण कमी पडले की ती मुलगी ‘मला हे झेपणार नाही’ अशा निष्कर्षाला येते. तिच्या कुवतीविषयीचा हा निष्कर्ष खरे पाहता कॅपच्या वेळापत्रकाविषयीचा आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांचेही सुरुवातीचे दिवस काही सोपे राहिलेले नाहीत. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला वैकल्पिक विषय, कौशल्याचे विषय अशी ‘बास्केट’ भरावी लागते. कोणता विषय कशासोबत घेतला तर पुढे काय होते, हे सांगणारा माणूस घरी नसतो, आणि कार्यालयातल्या खिडकीवरची रांग त्या चर्चेला पुरेशी नसते. मग सोबतच्या चार जणांनी जे भरले तेच भरले जाते.

राहण्याचा प्रश्न मात्र याहून जिव्हाळ्याचा आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. महाविद्यालयाच्या वसतिगृहातल्या जागा प्रवेशांच्या मानाने नेहमीच तोकड्या असतात. समाजकल्याण विभागाची आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहे वेगळी. त्यांचे अर्ज वेगळे, याद्या वेगळ्या, तारखा वेगळ्या. ज्याला यातले काहीच मिळत नाही तो पेठांमध्ये, कर्वेनगरात किंवा महाविद्यालयाच्या आसपासच्या एखाद्या इमारतीत ‘कॉट बेसिस’वर जागा शोधतो. एका खोलीत चार-पाच लोखंडी कॉट, एक सामायिक कपाट, दारामागे चपलांचा ढीग. पहिल्या दिवशी एक महिन्याचे भाडे, त्यावर एक-दोन महिन्यांचे डिपॉझिट, दलाल मधे असेल तर त्याचे कमिशन, मेसचे आगाऊ पैसे, गादी, बादली, कुलूप. प्रवेशशुल्काची जुळवाजुळव करून आलेल्या बापाच्या खिशाला हा दुसरा धक्का असतो आणि त्याचा उल्लेख कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसतो.

जागा मिळवताना आडनाव विचारले जाते. थेट विचारले नाही, तर ‘नॉनव्हेज चालत नाही हं आमच्याकडे’ या वाक्याने काम भागवले जाते. काही घरमालकांचा तो खरोखरीचा आहारविषयक आग्रह असेलही. पण अठराव्या वर्षी गावाबाहेर पहिल्यांदा पाऊल टाकलेल्या मुलाला तिसऱ्या दारातून परत फिरावे लागते तेव्हा त्याला काय कळायचे ते कळते. शहराने केलेले हे त्याचे पहिले स्वागत असते. ज्या समाजांनी आपापल्या मुलांसाठी जातवार वसतिगृहे काढली त्यांच्या मुलांना निदान एक दार ठरलेले असते. ज्यांना तेही नसते ते एखाद्या गाववाल्याच्या खोलीत जमिनीवर पथारी टाकून दिवस काढतात आणि वर्गात येऊन बसतात. अशा मुलाचे तासाला लक्ष नाही अशी तक्रार करणाऱ्या शिक्षकाने तो रात्री कुठे झोपतो हे एकदा विचारून पाहावे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. मुलीची जागा नक्की झाल्याशिवाय घरचे तिला पाठवतच नाहीत, आणि जागा नक्की व्हायला ती तिथे हजर असावी लागते. २०२४-२५ पासून राज्य शासनाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. निर्णय मोठा आहे आणि चांगला आहे. पण शुल्क माफ झाले म्हणजे मुलगी शहरात राहू शकली असे होत नाही. वसतिगृहाचे दार रात्री आठला बंद होते आणि ग्रंथालय नऊपर्यंत उघडे असते, या एका तासाच्या फरकाचा हिशेब शुल्कमाफीच्या आदेशात बसत नाही.

पैशाबद्दल बोलायचेच तर शासनाच्या योजना आहेत आणि त्या कमी नाहीत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले आहेत: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर निवासाला महिना २,००० रुपये येतात. पुण्याच्या मध्यवस्तीत तेवढ्यात एक कॉट मिळवून दाखवावी, असे आव्हान मी ही रक्कम ठरवणाऱ्यांना जरूर देईन. पण रक्कम अपुरी असणे हे दुखणे तरी सर्वांना माहीत आहे. ज्याची चर्चा होत नाही ते दुखणे तारखेचे आहे. अर्ज, छाननी, उपस्थितीचा दाखला आणि मंजुरी या वाटेने जाणारे पैसे खात्यात जमा होतात तेव्हा अनेकदा पहिले सत्र उलटून गेलेले असते. म्हणजे डिपॉझिट भरण्याच्या दिवशी कामी येणारा एकही रुपया त्यात नसतो. तो रुपया गावातल्या सावकाराकडून, बचत गटाकडून किंवा आईच्या कानातल्यांतून येतो. निर्वाहासाठी दिलेली मदत निर्वाहाची गरज सरल्यावर पोहोचली, तर तिला फार तर कर्जफेड म्हणता येईल.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, आधीच्या पिढ्यांनी याहून कितीतरी जास्त सोसले. माधुकरी मागून, वार लावून जेवून, देवळाच्या ओवरीत निजून आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून माणसे मोठी झाली. आजच्या मुलांना मोबाइल आहे, मेस आहे, तरी तक्रार आहेच. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्यातले सोसणे खरे आहे. पण त्याने काढलेला निष्कर्ष दोन कारणांनी टिकत नाही. पहिले असे की, आपण जे मोठे झाले त्यांच्याच गोष्टी सांगतो. जे दुसऱ्या महिन्यात वळकटी बांधून गावी परतले त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. वारावर जेवणाऱ्या मुलाला आठवड्याचे सात दिवस सात घरे ठरलेली असत. ती दया होती, ती जातीच्या कुंपणातली होती, आणि तिच्यात अपमानही भरपूर होता. तरी सोमवारी तो जेवायला आला नाही तर ते कोणाच्या तरी लक्षात येत असे. आज मेसमध्ये खाडा पडला तर मेसवाल्याचे एक ताट वाचते आणि गोष्ट तिथेच संपते.

शिवाय ज्या महाराष्ट्राने वसतिगृह हाच शिक्षणाचा पाया मानला त्याच महाराष्ट्रात ही चर्चा करावी लागते याचे नवल वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, आणि त्यामागोमाग जैन, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला तो १९१७ साली. हा क्रम पाहण्यासारखा आहे. खेड्यातल्या मुलाला शाळेने दार उघडले तरी त्याला रात्री टेकायला जागा आणि जेवायला ताट नसेल तर ते उघडे दार त्याच्या उपयोगाचे नाही, हे त्या राजाला नेमके समजले होते. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उभे केले तेव्हा सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवले आणि एका कामाला लावले. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू झाली ती ग्रामीण भागातून येणाऱ्या मुलांच्या याच गरजेतून. या सर्व ठिकाणी वसतिगृह म्हणजे नुसत्या खाटा नव्हत्या. तिथे नव्याला जुन्याची सोबत होती, वाट्याला आलेले काम होते, आणि रात्री दिवा विझला की नाही हे पाहणारे कोणीतरी होते. आपण ती परंपरा पुतळ्यांना हार घालून सांभाळतो आणि वसतिगृहाची यादी सप्टेंबरात लावतो.

इथे मला एक भेद करायचा आहे, आणि माझ्या सगळ्या युक्तिवादाचा भार त्याच्यावर आहे. घर सोडल्यावर येणाऱ्या त्रासाचे दोन प्रकार आहेत. एक त्रास शिकवतो. कपडे स्वतः धुणे, महिन्याचे पैसे विसाव्या तारखेला संपले की पुढचे दहा दिवस काढणे, रात्री दोनपर्यंत दिवा लावून बसणाऱ्या रूम पार्टनरशी भांडण न करता जमवून घेणे, आजारपणात स्वतःच्या पायाने दवाखान्यात जाणे, मेसच्या गोडसर आमटीत गावाकडून आणलेला ठेचा कालवून जेवणे. हा त्रास कोणी कमी करू नये. दुसरा त्रास काहीच शिकवत नाही. तो फक्त वेळ, पैसा आणि धीर खातो. याद्यांची वाट पाहणे, एकाच दाखल्यासाठी तीन खेटे घालणे, घरमालकाला आडनाव सांगणे, चार आठवड्यांचा बुडालेला अभ्यास कोणाच्याही मदतीशिवाय भरून काढणे. आपल्याकडे या दोहोंची सरमिसळ करून दोन्हींना ‘जगाचा अनुभव’ म्हणण्याची सवय आहे. पहिल्या प्रकाराबद्दल मी पालकांना म्हणेन की मुलाला तो घेऊ द्या. मुलापाठोपाठ शहरात फ्लॅट भाड्याने घेऊन आईने तिथे मुक्काम ठोकणे, किंवा मोबाइलवरून मुलगी कोणत्या चौकात आहे हे दर तासाला पाहणे, हा प्रकार परवडणाऱ्या घरांमध्ये वाढत चालला आहे आणि तो मला काळजीपेक्षा अविश्वासाचा जास्त वाटतो. दुसऱ्या प्रकाराबद्दल मात्र बोलायचे आहे ते शासनाशी, विद्यापीठांशी आणि महाविद्यालयांशी.

सुरुवातीला मुलाने घरी फार जाऊ नये, म्हणजे लवकर रमते, असाही एक सल्ला वसतिगृहांत सर्रास दिला जातो. या सल्ल्याला एकेकाळी शास्त्राचाही आधार वाटत होता. अमेरिकेतले व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली मांडले की विद्यार्थी टिकतो की गळतो हे तो संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात किती मिसळतो यावर अवलंबून असते. पुढे या मांडणीत जुन्या समूहापासून वेगळे होणे ही नव्यात सामावण्याची पहिली पायरी ठरली. १९९२ साली विल्यम टिअर्नी यांनी तिथल्या मूलनिवासी विद्यार्थ्यांच्या बाजूने तिच्यावर कडक आक्षेप घेतला: आपल्या माणसांपासून तुटणे ही शिक्षणाची अट असेल तर ते शिक्षण त्यांना सामावून घेत नाही, त्यांना पुसून टाकते. नंदुरबार किंवा गडचिरोलीहून आलेल्या मुलांकडे पाहताना मला टिअर्नींचे म्हणणे अधिक पटते. पोळ्याला किंवा महालक्ष्म्यांच्या सणाला गावी जाऊन आलेला मुलगा कमकुवत होऊन येत नाही, बहुधा ताजा होऊन येतो. त्याचा सोमवारचा तास बुडतो, हे खरे. पण तेवढ्यासाठी त्याला गावाशी नाते सैल करायला सांगणे हा भलता सौदा आहे. शहरात त्याची वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाची मराठी ऐकून वर्गात खसखस पिकते, तेव्हा आपली भाषा जिथे हसू न होता चालते अशी एक जागा शाबूत असणे त्याच्या फार उपयोगाचे असते.

वर्गातल्या भाषेचा प्रश्न मोठा आहे आणि इथे त्याला स्पर्शच करता येईल. बारावीपर्यंत विज्ञानाची पुस्तके इंग्रजी असली तरी बहुतेक गावांत ती समजावली जातात मराठीत. पुण्यातल्या वर्गात समजावणेही इंग्रजीत सुरू होते आणि मूल गप्प होते. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची वाट मोकळी केली. त्या वाटेने जाणारे अजून थोडेच आहेत. तोवर पहिल्या महिन्यात शिक्षकाने मुद्दा एकदा मराठीत सांगितला तर कोणताही दर्जा घसरत नाही.

आता नियमांकडे वळू, कारण मी नवे काही मागत आहे असा समज होऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम २००९ साली आले. त्या वर्षी हिमाचल प्रदेशात अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला होता. महाराष्ट्राचा स्वतःचा रॅगिंगबंदी कायदा तर १९९९ पासूनच होता. या विनियमांतली हमीपत्रे आज प्रत्येक विद्यार्थी भरतो, फलक प्रत्येक भिंतीवर लागतात. पण त्याच विनियमांत आणखी एक तरतूद आहे: नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचे लहान गट करावेत, प्रत्येक गट एका शिक्षकाकडे सोपवावा, आणि त्या शिक्षकाने गटातल्या प्रत्येकाशी रोज बोलून त्याच्या अडचणी समजून घ्याव्यात. रोज, आणि प्रत्येकाशी. ही तरतूद किती महाविद्यालयांच्या आठवणीत आहे? रॅगिंगच्या भीतीने नव्यांना जुन्यांपासून दूर ठेवले गेले ते आवश्यकच होते. मात्र मेस कुठली बरी, दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो, कोणते सर खरेच समजावतात हे सांगणारा जुना विद्यार्थीही त्यासोबत दूर गेला आणि त्याच्या जागी कोणीच आले नाही.

तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम आखून दिला. आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाने सर्व शाखांसाठी तशीच मार्गदर्शिका काढली. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तिचे दोन-तीन दिवसांचे समारंभ झाले: दीपप्रज्वलन, प्राचार्यांचे भाषण, नोकऱ्या मिळालेल्या माजी विद्यार्थ्यांच्या पॅकेजचे आकडे आणि ग्रंथालयाची फेरी. आणि जे उशिराच्या फेऱ्यांमधून येतात, म्हणजे बहुधा ज्यांना या ओळखीची सर्वांत जास्त गरज असते, त्यांच्यासाठी हा कार्यक्रम पुन्हा होत नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि विद्यार्थ्यांच्या लहान गटांना, विशेषतः परीक्षांच्या आणि शैक्षणिक बदलांच्या काळात, मार्गदर्शक नेमून द्यावेत, असे त्यात आहे. २००९ च्या विनियमांनंतर सोळा वर्षांनी न्यायालयालाही त्याच लहान गटांपाशी यावे लागले.

मग हे होत का नाही? प्राचार्यांना खासगीत विचारले तर ते एका दमात उत्तर देतात: माणसे नाहीत. आणि ते खोटे बोलत नाहीत. अनुदानित महाविद्यालयांतली कितीतरी पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत आणि त्यांचे काम तासिका तत्त्वावरचे शिक्षक करतात. ज्याला घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात, तेही महिनोन्महिने उशिरा, आणि जो दुपारी दुसऱ्या महाविद्यालयातला तास गाठण्यासाठी बस पकडतो, त्याने संध्याकाळी वीस मुलांची विचारपूस करावी ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनासाठी मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, आणि विद्यार्थ्यांचे प्रमाण दाखवावे लागते, म्हणून प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे मुलांची यादी जोडली जाते आणि वही भरली जाते. वहीत सर्वांच्या अडचणी सुटलेल्या असतात.

म्हणून माझी मागणी उपदेशाच्या नव्हे तर तारखांच्या आणि पैशांच्या भाषेत आहे. निर्वाह भत्त्याच्या चारही योजनांचा पहिला हप्ता प्रवेश निश्चित झाल्यापासून पंधरा दिवसांत खात्यात गेला पाहिजे. छाननी नंतर करावी, आणि चुकीच्या अर्जांची रक्कम पुढच्या हप्त्यातून वळती करावी. कॅपची शेवटची फेरी संपल्यानंतर प्रत्येक महाविद्यालयाने दुसरा परिचय कार्यक्रम आणि बुडालेल्या अभ्यासाचे वर्ग घेतले पाहिजेत, आणि तोवर अंतर्गत परीक्षेचे गुण धरू नयेत. वसतिगृहातल्या जागांचा ठरावीक हिस्सा उशिराच्या फेऱ्यांतल्या परगावच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा. नव्यांच्या गटासाठी दिलेला वेळ तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाच्या मानधनात तास म्हणून मोजावा. आठवड्याला दोन तास, सहा आठवडे, म्हणजे दर गटामागे अवघे बारा तास. ज्या शासनाला शेकडो कोटींची शुल्कमाफी परवडते त्याला हे बारा तास परवडत नाहीत असे म्हणणे कठीण आहे.

खोटे अर्ज वाढतील, हा आगाऊ हप्त्यावरचा आक्षेप मला ऐकू येतो. काही वाढतीलही. पण जात, उत्पन्न आणि अधिवासाची कागदपत्रे कॅपच्या अर्जासोबत आधीच तपासली गेलेली असतात. तीच माणसे, तीच कागदपत्रे समाजकल्याणच्या टेबलावर पुन्हा पहिल्यापासून का तपासली जातात, याचे उत्तर दोन खात्यांनी एकमेकांना विचारलेले नाही एवढेच आहे. वसतिगृहाचेही तेच. विद्यार्थी ऑप्शन फॉर्म भरतो तेव्हा त्याचा जिल्हा, उत्पन्न आणि प्रवर्ग ही सगळी माहिती सीईटी कक्षाकडे असते. त्याच अर्जात ‘निवासाची गरज आहे का’ असा एक रकाना घातला, महाविद्यालयांना आणि शासकीय वसतिगृहांना आपल्या रिकाम्या खाटा त्याच प्रणालीत दाखवायला लावल्या, तर जिंतूरच्या त्या मुलीला जागेच्या वाटपाच्या पत्रातच कळेल की तिला खाट मिळाली आहे की स्वाधारचा हप्ता मिळणार आहे, आणि मिळणार असेल तर कोणत्या तारखेला. पुढच्या प्रवेश हंगामाचे अर्ज सुरू होण्याआधी उच्च व तंत्रशिक्षण, सामाजिक न्याय, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण या चार खात्यांनी मिळून एवढा एक शासन निर्णय काढावा.